‘होल्ड’ करणाऱ्या आप्तेष्टांस

आमच्या घराण्यात सध्या एक शब्द फार बोकाळलाय. "होल्ड करू." गावाकडच्या जमिनीचा विषय निघाला की एडिसनचा दादा म्हणतो होल्ड करू, बाणेरचा म्हणतो होल्ड करू, आणि ज्यांनी आयुष्यात एक शेअर विकत घेतला नाही ते धाकटे काकाही आता चष्मा पुसत म्हणतात, "होल्डच करावी म्हणतो मी." शब्द मोठा सोयीचा आहे. विकायची नाही, कसायची नाही, वाटून घ्यायची नाही आणि कुणाला वाटून द्यायचीही नाही, या चार नकारांना मिळून एक भारदस्त नाव मिळालं.

मला हा शब्द मान्य नाही. का नाही ते इथे एकदाचं लिहून टाकतो, कारण फोनवर माझं वाक्य पुरं होत नाही आणि ग्रुपवर माझ्या लांबलचक मजकुराला अंगठा दाखवून लोक पुढे जातात. ब्लॉगवाल्या मित्रांनो, आजचं लिखाण बरंचसं घरगुती आहे. पण तुमच्यातल्या निम्म्यांच्या तरी सातबाऱ्यावर असंच काहीतरी लोंबकळत असणार, तेव्हा बसा.

जमीन दक्षिण सोलापूर तालुक्यात, हैदराबाद रस्त्यापासून आत. नऊ एकर जिरायत. चार एकर वडिलोपार्जित आणि पाच आजोबांनी नरसिंग गिरजी मिलच्या पगारातून जोडलेली. (गिरणी बंद पडली, जमीन राहिली, हा दाखला होल्डवाले नेहमी देतात, म्हणून तो मीच आधी देऊन टाकला.) पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही त्याच्या मर्जीने. विहीर आहे, पण उन्हाळ्यात तळ दिसतो. उजनीचं पाणी नकाशात जवळ आहे, बांधावर नाही. खरिपात उडीद-तूर, रब्बीत ज्वारी.

सातबाऱ्यावर सात नावं. दोन काका, एक आत्या, आणि माझ्या वडिलांच्या जागी आई व आम्ही तिघं भावंडं. म्हणजे फांद्या चार, दर फांदीला सव्वादोन एकर. आमच्या फांदीत चौघं, म्हणजे माझ्या वाट्याला साडेबावीस गुंठे. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र वीस गुंठे ठरवलंय, त्याच्या खालचा तुकडा विकायचा म्हणजे अडचण. माझी दोन मुलं सातबाऱ्यावर आली की त्यांच्या नावावर सव्वाअकरा-सव्वाअकरा गुंठे. पुढच्या पिढीसाठी होल्ड करतोय असं जे म्हणतात त्यांनी हा भागाकार एकदा कागदावर करून बघावा.

आणि आठवं माणूस, ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही. मामा. सख्खे नव्हेत. तीसेक वर्षं तेच ही जमीन वाट्याने कसतात. त्यांची स्वतःची तीन एकर शेजारी लागूनच आहे. संक्रांतीच्या आधी ज्वारीची पोती, तुरीचे पैसे आणि हिशोबाचा वहीतला कागद घेऊन ते सोलापूरला आत्याकडे येतात. मागची वही काढून बघा, एकदाही चुकलेलं नाही.

गेल्या दिवाळीत मामांनी विचारलं, विकता का. त्यांचा मुलगा नऊ वर्षं चाकणला कंपनीत काढून परत आलाय. त्याची शिल्लक, सुनेचं सोनं आणि थोडं कर्ज धरून त्यांना साडेचार एकर झेपते. योग असा की आमच्या फांदीतले चौघं आणि आत्या, आम्हा सगळ्यांची विकायची तयारी आहे, आणि आमची दोन्ही मिळून बरोबर साडेचारच एकर होते. मग अडलं कुठे? वाटपावर. जमीन एकत्र आहे. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सगळ्या सहधारकांनी संमती दिली की तहसीलदार वाटप करून देतात. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फीसुद्धा सरकारने २०२५ मध्ये माफ केली. लागतात फक्त सह्या. आणि त्या सह्या ‘होल्ड’वर आहेत. अविभक्त हिस्सा कायद्याने विकता येतो हे मला ठाऊक आहे, मामांनाही ठाऊक आहे. ते म्हणाले, "चतुःसीमा नसलेलं रान घेऊन कुनाच्या बांधाला नांगर लावू?" आम्ही दुसरी वाट धरली तर दिवाणी कोर्ट. तिथे आजोबा दावा लावतात आणि नातू निकाल घेतो, हे सोलापुरात कुणाला सांगायला नको.

आता होल्डवाल्यांचे मुद्दे. पहिला, जमिनीचा भाव कधी खाली येत नाही. हिशोबाने बोलायचं तर तुमची बाजू दिसते तितकी कच्ची नाही. २००५ साली आम्हाला गिऱ्हाइकाने सांगितलेला एकरी भाव आणि आज मामा देतात तो भाव यांत तेरा-चौदा पटींचा फरक आहे. (आकडा लिहीत नाही. नातेवाइकांना तो पाठ आहे आणि इतरांना त्याचं काय.) त्याच काळात सोनं तोळ्याला सात हजारांच्या आसपास होतं ते २०२५ मध्ये लाखाच्या पार गेलं, म्हणजे चौदापट आणि वरच. सेन्सेक्स २००५ अखेर साडेनऊ हजारांच्या जरा खाली होता, २०२५ अखेर पंच्याऐंशी हजारांच्या आसपास, म्हणजे नऊपट, लाभांश वेगळा. तेव्हा आपली जमीन सोन्याच्या पंक्तीला बसली, मान्य.

पण हे चौदापट झालं कशाने? २०१७ साली ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली तेव्हा तलावातला गाळ ट्रॅक्टरने आणून कुणी पसरला? वरचा दीड एकर मुरमाड होता, तिथे आता हरभरा येतो. बांध कुणी घातले? ओढ्याकडून शेजारी दर वर्षी एक-एक तास आत सरकत होता, त्याच्याशी भांडण कुणी केलं? पडीक राहिली असती तर वेड्या बाभळी माजल्या असत्या आणि निम्मं अतिक्रमणात गेलं असतं. वीस वर्षं आपण होल्ड केली म्हणता, तेव्हा आपण नेमकं काय धरून बसलो होतो? जमीन मामांनी धरली होती. आपण कागद धरला होता.

दुसरा मुद्दा, रस्ता येतोय. हा तर आमच्याकडचा जुना ताप. दोन हजारच्या दशकाच्या शेवटी बोरामणीच्या विमानतळाची हवा सुटली आणि हैदराबाद रस्त्याच्या दोन्ही अंगांना लोकांनी डोळे मिटून जमिनी घेतल्या. सुमारे साडेपाचशे हेक्टर संपादनही झालं. पुढे वनखात्याच्या जमिनीचा आणि माळढोकाचा प्रश्न आला. बोरामणीला आजतागायत विमान उतरलेलं नाही. विमान उतरलं ते होटगी रस्त्याच्या जुन्याच धावपट्टीवर. त्यासाठी जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली गेली, आणि जून २०२५ मध्ये गोव्याला जाणारं विमान सुटलं. ज्यांनी पंधरा वर्षं बोरामणीकडे तोंड करून होल्ड केली, त्यांच्या डोक्यावरून ते विमान जात असेल तर हात हलवून घ्यावा.

मग सुरत-चेन्नई आला. बार्शी, उत्तर सोलापूर, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट. नंतर नागपूर-गोवा शक्तिपीठ आला. दर वेळी कुणीतरी ग्रुपवर नकाशा टाकतं, त्यावर लाल रेघ असते, आणि बाणेरचा तिच्यावर बोट ठेवून आपली जमीन शोधतो. अरे, रेघ आपल्या जमिनीतून गेली तर काय होईल ते अक्कलकोटच्या शेतकऱ्यांना विचार. मोबदला तुटपुंजा म्हणून ते आंदोलनाला बसले होते. २०१३ च्या कायद्यात मोबदला ठरतो तो रेडी रेकनर आणि आधीच्या तीन वर्षांतली खरेदीखतं यांतून जे जास्त निघेल त्यावर. आणि आपल्याकडे खरेदीखतावर काय लिहितात? खऱ्या भावाच्या निम्मा, मुद्रांक वाचावा म्हणून. वर्षानुवर्षं अख्ख्या गावाने स्वतःच्या हाताने स्वतःची किंमत कमी लिहून ठेवायची आणि मग सरकार कमी देतं म्हणून ओरडायचं! त्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी ग्रामीण भागाला असलेला गुणक राज्याने २०२१ मध्ये दोनाचा एक केला, म्हणजे पूर्वी चौपट मिळायचं तिथे दुप्पट. रेघ शेजारून गेली तर फायदा, अंगावरून गेली तर तोटा. आणि आखणी करणारा आपल्याला विचारून रेघ मारत नाही. याला तुम्ही गुंतवणूक म्हणता, मी मटका म्हणतो. आपल्या नावाने लावलेला, आणि मामांच्या घामाच्या पैशाचा.

दादासाठी एक वेगळी ओळ. तू परदेशी राहतोस, उद्या काकांच्या मागे वारशाने तुझ्या नावावर शेतजमीन येऊ शकेल, पण विकत घेता येणार नाही, आणि विकायची झाली तर इथे राहणाऱ्या भारतीयालाच विकावी लागेल. म्हणजे आज ना उद्या तू येणार मामांच्याच दारात, नाहीतर मामांसारख्याच कुणाच्या. तोवर फक्त तारखा पुढे.

आणि करबिर कळणाऱ्यांसाठी आणखी एक. शहराच्या हद्दीपासून ठरावीक हवाई अंतराच्या बाहेरची शेतजमीन विकली तर भांडवली नफ्यावर आयकर लागत नाही. हे अंतर लोकसंख्येवर ठरतं. एक लाखाच्या वर आणि दहा लाखांपर्यंत असेल तर सहा किलोमीटर, त्याच्या वर आठ. २०११ च्या जनगणनेत सोलापूर साडेनऊ लाखांचं होतं, म्हणून आज आपल्याला सहाचा नियम. आपली जमीन हद्दीपासून सात किलोमीटरवर आहे, मी नकाशावर दोनदा मोजली. पुढच्या जनगणनेचे आकडे आले आणि सोलापूर दहा लाखांवर गेलं, की आपण आठाच्या आत. भाव वाढण्याची वाट बघता बघता कर वाढण्याची वाटही बघितली जाते, एवढंच.

पण हे सगळं बाजूला ठेवा. जमा-खर्चात मी तुमच्याशी हरलो तरी चालेल. माझा खरा राग पुढच्या गोष्टीवर आहे.

सप्टेंबर २०२५ चा पाऊस आठवतो ना? सीनेच्या पुराने माढा-मोहोळ बुडालं, टीव्हीवर सगळ्यांनी बघितलं, ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आली. आमच्या शिवारात पूर नव्हता, पण काढून ठेवलेला उडीद ढिगातच कुजला आणि तूर उभ्या पाण्यात पिवळी पडली. बियाणं मामांचं, खत मामांचं, फवारणी मामांची, मोबाइलवरची ई-पीक पाहणीही मामांच्या मुलाने बांधावर उभं राहून केली. मदत आली ती मात्र सातबारा बघून आली. जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार. तुकड्या-तुकड्यांनी, आपल्यातल्या चौघांच्या खात्यात. ज्यांनी ते पीक डोळ्यांनी बघितलंही नाही त्यांच्या मोबाइलवर ‘जमा’ म्हणून मेसेज वाजला. त्यांतल्या दोघांनी पैसे मामांना पाठवले. उरलेल्या दोघांना मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "रक्कम किरकोळ आहे रे, कशाला विषय काढतोस." किरकोळ आहे म्हणूनच देऊन टाकायला काय हरकत होती, हे मला अजून समजलेलं नाही.

ही एका वर्षाची गोष्ट नाही. मामांना या नऊ एकरांवर पीककर्ज मिळत नाही, कारण सातबारा त्यांचा नाही. सोसायटी त्यांच्या तीन एकरांवर देते तेवढंच, बाकीच्या रानात ते सावकाराच्या नाहीतर दुकानदाराच्या उधारीवर पेरतात. उधारीवरचं खत महाग पडतं, माल त्याच अडत्याला घालावा लागतो, आणि भाव तो सांगेल तो. आपण निदान एक साधा भाडेपट्टा लिहून द्यावा असं मी चार वर्षांपूर्वी सुचवलं होतं. तेव्हा थोरले काका दचकले. "कूळ लागेल!" १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आमच्या घरात अजून पितरांसारखा वावरतो. त्या दिवशी कुणाकुणाच्या जमिनी गेल्या ही यादी काकांना तोंडपाठ आहे. भीती समजू शकतो. पण तिचा परिणाम बघा, दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी सुचवतं की मामांना बदलावं, दुसरा माणूस बघावा, एकाच्याच हाती फार वर्षं नको. तीस वर्षं ज्याने नांगर धरला त्याच्या नावाचा चिटोराही नको म्हणून आपण एवढी काळजी घेतो. आणि मग म्हणतो, जमीन म्हणजे आई.

हो, तो तिसरा मुद्दा. आई विकायची का? हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आईला ‘होल्ड’ करतात का? आईचा भाव दर सहा महिन्यांनी एजंटाला विचारतात का? भावना असेल तर असू दे, मी तिच्यापुढे वाकेन. धाकट्या काकांना लहानपणच्या हुरड्याच्या आठवणीने डोळ्यांत पाणी येतं, त्यात मला काही खोटं दिसत नाही. पण त्याच भावनेच्या नावाने आत्याला काय सांगितलं गेलं? "जमीन घरात राहायला हवी, तू हक्कसोड दे." २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हक्क मुलाइतकाच केला, २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो जन्मापासूनचा आहे असं स्पष्ट केलं, आणि आमची शहात्तर वर्षांची आत्या दर राखीपौर्णिमेला ओवाळणीबरोबर हक्कसोडपत्राचा मसुदा ऐकते. तिच्यासमोर जमीन भावना असते आणि एजंटासमोर गुंतवणूक. दोन्ही एकदम कशी असेल? तिने आजवर सही दिली नाही, हे मी अभिमानाने इथे लिहितो.

एजंटाबद्दल थोडं. त्याचा भाव मामांच्या दीडपट आहे हे खरं. पण तो भाव खरेदीखताचा नाही. तो देणार इसार, उरलेले ‘प्लॉट जातील तसे’, आणि मधल्या काळात त्याला हवं कुलमुखत्यारपत्र. जिरायत रानात फक्कीच्या रेघा मारून गुंठ्या-गुंठ्याने विकण्याचा तो धंदा आहे. रस्ता नाही, गटार नाही, बिगरशेती परवानगी नाही. घेणारा विडी कामगार नाहीतर यंत्रमागावरचा माणूस, आयुष्याची पुंजी टाकणारा. उद्या तो आपल्याच नावाने खडे फोडणार.

एक मुद्दा मात्र तुमचा मला पटतो. सगळी विकली तर शेतकरी असल्याचा दाखला जाईल, आणि कलम ६३ मुळे पुन्हा शेतजमीन घेणं अवघड होईल. बरोबर. त्याला तोडही सोपी आहे. वीस गुंठ्यांच्या वरचा एखादा तुकडा ज्याला हवा त्याने आपल्या नावावर ठेवावा, विहिरीकडचा ठेवावा, तिथे आंबा लावावा, वर्षातून दोनदा जाऊन बसावं. कुणाची ना नाही. तेवढ्यासाठी नऊ एकर आणि एक माणूस अडकवून ठेवायची गरज नाही.

तर दोन्ही काकांना, दादाला आणि बाणेरकरांना माझं म्हणणं असं. तुमच्या दोन फांद्यांची साडेचार एकर तुम्ही खुशाल धरून बसा. बोरामणीला विमान उतरेपर्यंत बसा. पण वाटपावर सह्या द्या. चुलत भावाचा शेअर मला विकता येत नाही तसा माझा तुम्हाला अडवताही येत नाही, हे तुमच्याच शेअरबाजारात चालतं ना? मग इथे का नको? आणि तुमच्या वाट्याची जमीन मामा पुढे कसणार असतील तर येत्या हंगामापासून नुकसानीची मदत ज्याच्या खात्यात येईल त्याने ती आठ दिवसांत त्यांच्याकडे वळती करावी, ही अट मी वाटपाच्या बैठकीत मांडणार आहे. आत्ताच सांगून ठेवतो, नंतर म्हणू नका अचानक काढलं.

आमच्याकडे पाडव्याला साल बदलतं. मामांचा मुलगा त्याआधी उत्तर मागतोय, कारण नाही म्हटलं तर तो पुन्हा चाकणला जाईल, तिथला सुपरवायझर अजून त्याला घ्यायला तयार आहे. मामा पासष्टीच्या पुढे आहेत. तो गेला तर ही नऊ एकर कोण कसणार याचं उत्तर होल्डवाल्यांपैकी एकानेही अजून दिलेलं नाही.

मसुदा वकिलांकडून करून घेतलाय. आत्याची आणि आमच्या चौघांची सही झाली आहे. आत्याने सही मराठीत केली, पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. खाली दोन जागा रिकाम्या आहेत. पुढच्या रविवारी मी कागद घेऊन थोरल्या काकांकडे जेवायला येतोय. काकू, शेंगाची चटणी जरा जास्त करा, बैठक लांबणार आहे.